शॅननच्या मोजपट्टीवर पुराची रबरी बोट

पुण्यात पुरासाठी बोट घ्यायची ठरली की बैठकीतला पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती माणसं बसतात? एक विक्रेता आठ सांगतो, दुसरा बारा, आणि ऑर्डर बारावाल्याला जाते. प्रश्न चुकीचा नाही, अर्धा आहे. ब्रिटन आणि आयर्लंडच्या किनाऱ्यावर आरएनएलआय ही संस्था शॅनन जातीच्या ऑल-वेदर लाइफबोटी, म्हणजे कसल्याही हवेत समुद्रात जाणाऱ्या बचाव बोटी, चालवते. त्या बोटीच्या तपशिलात याच प्रश्नाला दोन आकडे दिलेले आहेत. सहा खलाशांखेरीज २३ माणसं घेतली, तर लाटेने पालथी झालेली बोट आपली आपण सरळ होते. ७९ माणसंही घेता येतात, पण मग ती हमी संपली. दोन आकड्यांमधला फरक ५६ माणसांचा आहे आणि तो लपवलेला नाही, लिहून ठेवलेला आहे.

हे परीक्षण शॅननचं नाही, आपल्याकडच्या बोटीचं आहे. सव्वाचार ते पावणेपाच मीटर लांबीची, फुगवायची, मागे २५ ते ४० एचपीचं ओबीएम, म्हणजे बाहेरून अडकवायचं आउटबोर्ड इंजिन, लावायची नारिंगी रबरी बोट. अग्निशमन दलापासून एखाद्या मंडळाच्या आपत्ती पथकापर्यंत सगळीकडे हीच दिसते. कंपनीप्रमाणे फरक पडतो, पण बहुतेक गुणदोष या जातीचेच आहेत, म्हणून एका छापाचं नाव घेऊन उपयोग नाही. मोजपट्टी मात्र शॅननची लावली आहे. कारण ‘कसल्याही हवेत जायचं आणि परत यायचं’ हा विचार त्या बोटीत शेवटच्या बोल्टापर्यंत उतरलेला आहे.

निकाल आधीच सांगतो. पुण्याच्या गल्ल्यांना हीच बोट योग्य आहे. पण ज्या रूपात ती विकली जाते त्या रूपात ती अर्धी असते, आणि ज्या रीतीने ती गोदामात पडून असते त्या रीतीने दोन-तीन पावसाळ्यांत तिचं मातेरं होतं.

पालथी झाल्यावर

शॅनन १३.६ मीटर लांब, १८ टनांच्या आसपास वजनाची, फायबर-कंपोझिट सांगाड्याची बोट. पोटात १३ लिटरची दोन स्कॅनिया डिझेल इंजिनं, प्रत्येकी ६५० एचपी. पंखे (प्रोपेलर) नाहीतच, त्याऐवजी पाणी शोषून मागे फेकणारे दोन वॉटरजेट. वेग २५ नॉट (ताशी सुमारे ४६ किलोमीटर), पल्ला २५० सागरी मैल. सरळ होण्यामागे कसलंही यंत्र नाही, फक्त वजनाची मांडणी आहे. इंजिनं आणि टाक्या तळाला, वर हवाबंद केबिन. बोट पालथी झाली की हवा भरलेली केबिन पाण्याखाली जाते आणि वर यायला धडपडते. जड तळ वर गेलेला असतो, तो खाली यायला बघतो. त्या अवस्थेत बोट टिकूच शकत नाही, काही सेकंदांत फिरते. केबिनचं दार उघडं राहिलं तर हे गणित बसत नाही. माणसांची गर्दी वाढून वजनाचा मध्य वर सरकला तरी बसत नाही. २३ हा आकडा तिथून येतो.

ही अक्कल फुकट आलेली नाही. १९६९ मध्ये स्कॉटलंडच्या लाँगहोपची लाइफबोट आठही जणांसह गेली. पुढच्याच वर्षी फ्रेझरबर्गची बोट पालथी होऊन सहापैकी पाच जण गेले. दोन्ही बोटी मजबूत होत्या, पण स्वतःहून सरळ होणाऱ्या नव्हत्या.

आता आपली रबरी बोट. रुंद तळ आणि दोन बाजूंच्या हवेच्या ट्यूब हीच तिच्या स्थैर्याची पुंजी, आणि गंमत अशी की पालथी पडल्यावरही ती तितकीच स्थिर असते. त्यामुळे ती कधीच आपण होऊन वळणार नाही. आरएनएलआयच्या छोट्या बोटींपैकी अटलांटिक ८५ या जातीत यावर उपाय आहे: मागच्या कमानीवर घडी घालून ठेवलेली पिशवी. माणसं बोटीच्या मागे जमतात, दोरी ओढतात, गॅसने पिशवी फुगते आणि बोट वळते. ११५ एचपीची दोन्ही इंजिनं बुचकळून वर आली तरी पुन्हा चालू होतील अशी तयार केलेली असतात.

आपल्या बोटीला कमान नाही, पिशवी नाही. मग निदान दोऱ्या हव्यात. साडेतीन-चार मीटरच्या दोन तरंगत्या दोऱ्या, एकाच बाजूच्या ट्यूबवरच्या कड्यांना बांधून छोट्या थैलीत गुंडाळलेल्या. बोट उलटली की आधी डोकी मोजायची. मग दोघं-तिघं तळावर चढतात, दोऱ्या तळावरून आपल्याकडे ओढून घेतात, दोऱ्यांच्या विरुद्ध बाजूच्या कडेवर पाय रोवून एकदम मागे झुकतात. बोट फिरून अंगावर येते आणि माणसं पाण्यात पडतात. ते धरूनच चालायचं, म्हणून डोक्यावर हेल्मेट. मागे पन्नास-साठ किलोचं इंजिन असल्यामुळे झुकणाऱ्यांपैकी जड माणूस इंजिनाच्या बाजूला हवा. शांत पाण्यात सराव असेल तर हे काम एका मिनिटात होतं. सराव नसेल तर होतच नाही.

या दोऱ्या बोटीसोबत जवळपास कुणीच देत नाही. खर्च नगण्य आहे. कड्या मात्र बघून घ्या: ट्यूबवर रुपयाएवढ्या ठिपक्यावर चिकटवलेली कडी दोन माणसांच्या झटक्याला सुटते. किमान तळहाताएवढ्या रबरी पॅचवर बसवलेली कडी हवी.

बुडालेलं इंजिन तिथल्या तिथे दोरी ओढून सुरू करायला जाऊ नये. सिलिंडरमध्ये पाणी भरलेलं असेल तर पिस्टन ते दाबू शकत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी दोन्ही प्लग काढायचे, प्लगची भोकं खाली येतील असं इंजिन कलवायचं, दहा-पंधरा वेळा दोरी ओढून पाणी बाहेर फेकायचं. कार्ब्युरेटरच्या वाटीचा स्क्रू उघडून पाणी मिसळलेलं पेट्रोल सोडून द्यायचं. सिलिंडरमध्ये थोडं ऑइल, कोरडे प्लग, नवीन पेट्रोल, आणि मग स्टार्ट. सुरू झालं तर किमान अर्धा तास चालू ठेवायचं. हे त्याच दिवशी झालं नाही तर बेअरिंगला गंज धरतो आणि इंजिन भंगारात जातं. इथेच टू-स्ट्रोक इंजिन जिंकतं. फोर-स्ट्रोक इंजिन उलटलं की तळातलं ऑइल सिलिंडरमध्ये आणि हवेच्या वाटेत शिरतं, शिवाय ते पाच-दहा किलोंनी तरी जड. पेट्रोल कमी खातं आणि धूरही कमी करतं हे खरं, पण पुराच्या बोटीवर आमचं मत टू-स्ट्रोकलाच.

नऊ किलोमीटरची भिंत

विक्रेत्याच्या ‘बारा माणसं’ या आकड्यात एक मोठी गोम आहे. तो आकडा तरंगण्याचा आहे, चालण्याचा नाही. बारा माणसं घेऊन बोट बुडणार नाही, हे खरं. पण पुराचं पाणी वाहतं असतं.

हलकी बोट वेगात पाण्यावर चढते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते. दोन-तीन माणसं आणि २५-३० एचपी असेल तर हे सहज घडतं. माणसं वाढली की बोट पाण्यावर चढतच नाही, पाणी ढकलत बसते. अशा वेळी तिचा वेग लांबीवर ठरतो. पाण्यात चार मीटर लांबी असलेल्या बोटीचा असा वेग ढोबळमानाने ताशी ९ किलोमीटर भरतो. इंजिन कितीही पिळा, वेग फारसा वाढत नाही, फक्त बोटीचं नाक वर होतं आणि मागून पाणी आत येतं.

आता प्रवाह बघा. सेकंदाला अडीच मीटर वाहणारं पाणी म्हणजे ताशी ९ किलोमीटरच. भरलेली बोट त्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध तोंड करून जागच्या जागी उभी राहील. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, त्या दिवशी खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या वर विसर्ग गेला होता. ३५ हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळपास १००० घनमीटर. सोसायटीच्या आवारात पाणी संथ दिसतं. पण दोन इमारतींच्या फटीत, फाटकात किंवा रस्ता नदीकडे उतरतो तिथे तेच पाणी आवळून वेग घेतं. जाताना रिकामी बोट तिथून सहज आत जाते. परत येताना भरलेली बोट तिथेच अडते, बाजूने वळू बघते, आणि आडवी झाली की प्रवाह वरच्या बाजूची ट्यूब दाबून आत शिरतो.

म्हणून साडेचार मीटरच्या बोटीत ३० एचपी असेल तर चालवणारे दोन आणि आणायची पाच माणसं, असा आमचा आकडा आहे. विक्रेत्याच्या बारातून तो जवळपास निम्म्यावर येतो. जास्त फेऱ्या होतात, होऊ देत. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली, तेव्हा तिच्यात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. वर पाणी चढताना लोक ऐकत नाहीत, बोटीला लटकतात, हे मान्य आहे. त्यासाठी बोट जिन्याला किंवा गॅलरीला भिडवण्याआधीच चालवणाऱ्याने मोठ्याने आकडा सांगायचा: “एका वेळी पाच, आधी लहान मुलं आणि आजी-आजोबा.” बोट भिडल्यावर सांगून उपयोग होत नाही.

कापड, हवा आणि पुण्याचा मे महिना

ट्यूबचं कापड दोन जातींचं येतं: पीव्हीसी आणि हायपालॉन. हायपालॉन हे ड्यूपाँट कंपनीचं व्यापारी नाव. तिने ते बनवणं २०१० च्या सुमारास बंद केलं, आता दुसऱ्या कंपन्यांचं तेच रबर सीएसएम म्हणून येतं. त्यामुळे कोटेशनमध्ये ‘अस्सल ड्यूपाँट हायपालॉन’ असं लिहिलेलं दिसलं तर विक्रेत्याचं बाकीचं कोटेशनही भिंग लावून वाचा. पीव्हीसी स्वस्त, सांधे यंत्रावर गरम हवेने जोडलेले, नवीन असताना उत्तम. पण उन्हात काही वर्षांत ते चिकट होतं, मग कडक, मग घडीवर चिरतं. सीएसएम ऊन, पेट्रोल, घासणं तिन्ही सोसतं आणि हाताने दुरुस्त करता येतं. ज्यांच्याकडे बोट वर्षातून दहा दिवस बाहेर निघते आणि बाकी वेळ सावलीत असते त्यांना चांगलं पीव्हीसी चालेल. अग्निशमन गाडीच्या टपावर उन्हात फिरणाऱ्या बोटीला नाही.

ट्यूबमध्ये दाब साधारण ०.२५ बार ठेवतात, म्हणजे साडेतीन पीएसआयच्या आसपास. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी गेज वापरत नाहीत, अंगठ्याने दाबून बघतात. अंगठ्याला ०.१५ आणि ०.२५ मधला फरक कळत नाही, बोटीला कळतो: ०.१५ वर ती मधोमध वाकते आणि पाण्यावर चढत नाही. ट्यूबमध्ये तीन ते पाच कप्पे असतात. एकच कप्पा पूर्ण फुगवून पुढच्याकडे वळलं तर मधला पडदा ताणून फाटतो, आणि तो पडदा दुरुस्त करता येत नाही. सगळे कप्पे अर्धे, मग सगळे पूर्ण, शेवटी तळाखालचा फुगवायचा कणा. लाकडी किंवा ॲल्युमिनियमचा तळ ट्यूब ढिल्या असतानाच बसवायचा. घाईत आधी ट्यूब भरल्या की मग तळाच्या पाट्या बसवायला चौघं घाम गाळतात.

तापमानाचं गणित पुण्यात विशेष लक्षात ठेवावं लागतं. ३० अंशाला ०.२५ बार भरलेली ट्यूब २० अंशाला ०.२१ वर येते, गळती शून्य असली तरी. म्हणून गळतीची चाचणी संध्याकाळ ते सकाळ अशी घेतली की चांगली बोट नापास होते. सकाळी सहाचं गेज आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाचं गेज, असंच ताडून बघायचं. उलट बाजू जास्त घातक: मे महिन्यातल्या प्रात्यक्षिकात बोट फुगवून उन्हात ठेवली आणि कापड ५० अंशावर गेलं की तोच दाब ०.३३ होतो आणि जुना सांधा उकलतो. प्रात्यक्षिक संपलं की प्रत्येक कप्प्यातली थोडी हवा सोडा. आणि पुरात बोट पाण्यात उतरवल्यावर पाच-दहा मिनिटांनी एक हात पंप मारायला विसरू नका, पाण्याने थंड होऊन ती ढिली पडलेली असते.

पंक्चर होणारच. पुराच्या पाण्याखाली दुचाकींचे आरसे, कंपाउंडचे भाले, झाडांभोवतीच्या लोखंडी जाळ्या दडलेल्या असतात. पण जुलैत रबराचा पॅच लावता येत नाही, हे खरेदी करताना कुणी सांगत नाही. दोन भागांचा डिंक असतो, त्याला कोरडी हवा लागते. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर गेली की पृष्ठभागावर दमटपणाचा थर धरतो आणि पॅच आठवड्यात सोलून निघतो. पक्की दुरुस्ती एप्रिल-मेमध्येच: जागा घासून, टोल्युइनने पुसून, दोन पातळ थर, प्रत्येक थर हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबून, चिरेच्या चहूबाजूंना किमान पाच सेंटीमीटर पॅच, आणि पूर्ण हवा भरण्याआधी दोन दिवस. पुरात हाताशी हवी ती दोन पत्र्यांमध्ये चीर पकडून वरून नट आवळायची पट्टी. ती दोन मापांत मिळते, दोन्ही घ्या.

इंजिनाचं बारसं आणि बारावं

रबरी बोट ऐन वेळी थांबते ती इंजिनामुळे. आणि इंजिन थांबतं ते चार-पाच ठराविक कारणांनी, त्यांपैकी निम्मी पेट्रोलची.

पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. जूनमध्ये टाकी भरून ठेवली की सप्टेंबरपर्यंत तिच्यात पाणी मुरलेलं असतं आणि जुन्या रबरी नळ्या फुगलेल्या असतात. कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या चमचाभर पेट्रोलचा वाळून डिंक होतो आणि जेटचं सुईएवढं भोक बंद. उपाय साधा आहे: काम संपलं की पेट्रोलची नळी काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. टाकीतलं पेट्रोल महिन्याला बदलायचं, जुनं गाडीत घालून संपवायचं. ऑइल मिसळलेलं पेट्रोल मात्र गाडीत घालायचं नाही, आणि हवेने थंड होणाऱ्या झाडकापणी यंत्रातही नाही. ऑइल टीसी-डब्ल्यू३ या, बोटीच्या इंजिनासाठीच्या दर्जाचं, ५० ला १, म्हणजे लिटरमागे २० मिली, २४ लिटरच्या टाकीला ४८० मिली. दुचाकीचं टू-स्ट्रोक ऑइल घालू नये. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात त्याची राख प्लगवर बसते. पूर्ण वेगात २५ एचपीचं टू-स्ट्रोक तासाला दहा-बारा लिटर पितं, म्हणजे एक टाकी दोन तासांची. दुसरी टाकी बोटीत नाही, काठावर, सावलीत.

दुसरं कारण इंपेलर. इंजिन थंड ठेवणारा रबराचा छोटा पंखा, इंजिनाच्या खालच्या पायात, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या भागात, लपलेला. आठ-दहा महिने इंजिन उभं राहिलं की त्याच्या पाकळ्या एका बाजूला वळून तशाच कडक होतात. मुठेचा गाळ तर त्याला पॉलिश पेपरसारखा घासतो. इंजिन चालू असताना मागच्या भोकातून पाण्याची बारीक धार पडते ती बंद झाली, की पंप गेला किंवा तोंड चोंदलं. चोंदायला पुण्यात काय काय आहे! मुळा आणि पवनेला जलपर्णी, मुठेला प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि विसर्जनाच्या दिवशी घाटावर निर्माल्य. धार थांबली की लगेच इंजिन बंद करून पाय वर उचलायचा आणि जाळी हाताने साफ करायची. ‘पलीकडे पोचू, मग बघू’ म्हटलं की पिस्टन धरतो. इंपेलर दरवर्षी मे महिन्यात नवीन टाकावा, चांगला दिसत असला तरी. त्या वेळी गिअर ऑइलही बघावं. दुधासारखं पांढरट झालं असेल तर सीलमधून पाणी आत गेलेलं आहे.

शॅननला पंखे नाहीत, मग आपल्यालाही वॉटरजेट का नको, असं हमखास विचारलं जातं. पोहणाऱ्या माणसाच्या जवळ पंखा फिरत नाही हा मोठाच फायदा. पण जेट तळातून पाणी शोषतं, आणि जलपर्णीच्या पाण्यात ते शंभर मीटरवर गुदमरेल. आपल्याला पंखाच बरा, भोवती संरक्षक कडं लावून. कड्याने वेग थोडा जातो आणि कचरा अडकतो, तरीही. माणूस हाताच्या अंतरावर आला की इंजिन न्यूट्रलमध्ये. बोट नेहमी त्याच्या खालच्या अंगाने, तोंड प्रवाहाकडे करून भिडवायची, म्हणजे तो वाहत बोटीकडे येतो, बोट वाहत त्याच्यावर जात नाही.

किल कॉर्डबद्दल, म्हणजे चालवणारा पडला की इंजिन बंद पाडणाऱ्या दोरीबद्दल, एकच वाक्य: ती चालवणाऱ्याच्या मांडीला अडकवायची असते, इंजिन वळवायच्या टिलरच्या दांड्याला गुंडाळून ठेवायची नसते. प्रात्यक्षिकांचे फोटो नीट बघा, दहांतल्या किती बोटींत ती जागेवर दिसते ते मोजा.

जिथे ही बोट चालत नाही

बंडगार्डनच्या बंधाऱ्यासारखा बुटका बंधारा पुरात निरुपद्रवी दिसतो. वरून पाणी घसरतं, खाली आपटतं आणि पृष्ठभागावरून उलट बंधाऱ्याकडे परत येतं. त्या भोवऱ्यात बोट गेली की बाहेर पडत नाही. फेसाळ पाण्यात पंख्याला पकड मिळत नाही आणि तरंगण्याची ताकदही कमी होते. खालच्या बाजूने ‘जरा जवळ जाऊन’ दोरी टाकणं हाही त्यातच ओढलं जाण्याचा मार्ग आहे. बाबा भिडे पुलासारख्या बुटक्या पुलांचं वेगळं दुखणं: पाणी पुलाच्या खालून आणि वरून दोन्हीकडून वाहतं, कठड्याला बोट आडवी दाबली गेली की ती गाळणीत अडकलेल्या पानासारखी तिथेच राहते. दोन्ही ठिकाणी काम काठावरून, १५-२० मीटरच्या तरंगत्या दोरीच्या थ्रो बॅगने (दोरी भरलेली, फेकायची थैली), बंधाऱ्याच्या बरंच खाली माणसं उभी करून.

ओढ्याच्या पुरातही नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलं तसलं पाणी गाड्या उचलून नेतं, तिथे गच्ची हीच बोट. आणि गल्लीत पाणी गुडघ्याच्या थोडं वर असेल तर इंजिन उचलून ठेवा, लांब बांबूने बोट ढकला. त्या आधी महावितरणकडून त्या भागाचा पुरवठा बंद झाल्याची खात्री. इन्व्हर्टर आणि सोलर वेगळे, ते घरमालकाला विचारून.

फायबरच्या कडक बोटी जिल्ह्यात बऱ्याच आहेत. कृष्णाकाठच्या मैलभर पसरलेल्या पाण्याला त्या उत्तम. पण भिंतीला आपटली की तडकते, आणि सिंहगड रोडच्या कोंडीतून ट्रेलरवर ती नेणं म्हणजे पूर ओसरण्याची वाट बघणं.

जॅकेटं, आणि सेवा

लाइफ जॅकेट ५० न्यूटनचं, म्हणजे साधारण पाच किलोची ओढ पेलणारं असेल तर ते पोहता येणाऱ्या, शुद्धीवरच्या माणसासाठी. पुरातून आणायच्या लोकांना किमान १०० न्यूटनचं, मानेला आधार असलेलं, आणि दोन पायांमधून पट्टा असलेलं हवं. पट्टा नसेल तर जॅकेट वर येतं आणि माणूस खाली जातो. चाचणी घरी होते: साडेअकरा किलोचं लोखंडी वजन बांधून हौदात सोडा. लोखंड पाण्यात आपलं आठवा हिस्सा वजन गमावतं, म्हणजे खाली ओढ १० किलोची. १०० न्यूटनचं जॅकेट ते वर धरतं. आत थर्माकोलचा भुगा असलेलं जॅकेट तीन वर्षांनी धरत नाही. लहान मुलांच्या मापाची चार तरी वेगळी घ्या.

शॅननमधून उचलायची सगळ्यात मोठी गोष्ट बोटीत नाहीच, तिच्या गाड्यात आहे. वाळूच्या किनाऱ्यावर ती ट्रॅक्टरने ओढलेल्या गाड्यावरून समुद्रात सोडतात. परत येताना बोट सरळ वाळूवर चढते, गाड्यावर ओढली जाते आणि तिथेच पाळणा गोल फिरवून तिचं तोंड पुन्हा समुद्राकडे केलं जातं. दहाएक मिनिटांत ती पुढच्या कामाला तयार. बोट मोठ्या दुरुस्तीला गेली तर त्या स्टेशनला राखीव ताफ्यातली बोट येते. म्हणजे बोट विकत घेताना ‘दुसऱ्या फेरीला किती वेळ’ आणि ‘ही बंद पडली तर काय’ हे दोन्ही प्रश्न सोडवलेले.

आपल्याकडे बोट पोत्यात गुंडाळलेली, तळाच्या पाट्या दुसऱ्या खोलीत, पंप तिसऱ्याच गाडीत. तळेगावजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची पाचवी बटालियन आहे, पण तिथून सिंहगड रोडला यायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं, त्यामुळे पहिला तास स्थानिक बोटीचाच असतो. त्या तासातली वीस मिनिटं पाट्या शोधण्यात जाऊ नयेत असं वाटत असेल तर जून ते सप्टेंबर बोट फुगवलेलीच ठेवा, अर्ध्या दाबावर, शेडमध्ये, हलक्या ट्रेलरवर, इंजिन लावून. जागा नसेल तर निदान सगळं एका पेटीत, पेटीच्या झाकणावर मोजून लिहिलेली यादी: पाट्या, फुटपंप दोन, गेज, वल्ही चार, थ्रो बॅग दोन, दुरुस्तीच्या पट्ट्या, सुटा पंखा, स्प्लिट पिना, दोन प्लग आणि प्लगचा पाना.

विक्रीपश्चात सेवेबद्दल पुण्यातला सर्वसाधारण अनुभव दुबळाच आहे. इंजिन बसवून देतात, फोटो काढतात, आणि इंपेलर मागितला की मुंबईहून मागवतात. निविदेत किंवा खरेदीच्या पत्रात तीन ओळी घालून घ्या: दरवर्षी १५ मेपूर्वी पाण्याच्या पिंपात नव्हे तर प्रत्यक्ष धरणाच्या पाण्यात, पूर्ण भाराने अर्ध्या तासाची चाचणी, दोन इंपेलर संच, एक कार्ब्युरेटर संच आणि एक पंखा बोटीसोबतच, आणि पावसाळ्यात इंजिन दुरुस्तीला नेलं तर त्याच दिवशी बदली इंजिन. तिसरी ओळ वाचून विक्रेता कुरकुर करतो. पैसे वाढवून मागितले तर द्या.

उन्हाळ्यात बोट साठवताना धुऊन, पूर्ण वाळवून, घडीत टाल्कम भुकटी घालून, जमिनीपासून वर टांगून ठेवा. गोदामातल्या घुशींना सीएसएम आणि पीव्हीसी यांतला फरक कळत नाही, दोन्ही सारख्याच आवडीने कुरतडतात. आणि प्लगचा पाना इंजिनालाच नायलॉनच्या दोरीने बांधून टाका, कारण सगळ्यात आधी हरवतो तो तोच.